मुंबईचा उजेड आणि कर्जतचा डोंगर



एखादे शहर, किंबहुना एखादा देश, कोळसा न जाळता केवळ पाणी, वारा आणि ऊन यांच्या बळावर चालविता येईल काय, या प्रश्नाची चर्चा हल्ली मोठ्या उत्साहाने चालते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे आणि २०३० पर्यंत ५०० गिगावॉट जीवाश्मेतर वीजक्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. तेव्हापासून सरकारी पत्रके आणि कंपन्यांच्या जाहिराती एकाच भाषेत बोलू लागल्या आहेत. ही सारी गोष्ट उद्याची आहे, परदेशातून येणार आहे आणि तिचा खेड्यापाड्यांशी संबंध आलाच तर तो उपकारापुरता येणार आहे, असा त्या भाषेचा भाव असतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. हिंदुस्थानातील एक फार मोठे शहर पाण्याच्या विजेवर एक पिढीहून अधिक काळ चालून गेले आहे. ते शहर मुंबई. ज्या वीजघरांवर ते चालले त्यांपैकी पहिले खालापूर तालुक्यात खोपोलीला, दुसरे कर्जत तालुक्यात भिवपुरीला. तिसरे भिरा येथे, याच जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला. तेव्हा नव्याने काही योजण्यापूर्वी या जुन्या प्रयोगाचा जमाखर्च एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे. हा जमाखर्च मांडण्याचा अधिकार कर्जत-खालापूरच्या माणसाइतका अन्य कोणाचाही नाही.

प्रयोग मुळात मोठ्या बुद्धीचा होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. घाटमाथ्यावर पाऊस अतोनात पडतो. पण पडतो चार महिने. मुंबईच्या गिरण्यांना शक्ती हवी बारा महिने. शिवाय लोणावळ्याच्या परिसरातले पाणी स्वभावतः पूर्वेकडे, इंद्रायणी-भीमेच्या खोऱ्यात उतरते आणि शेकडो मैलांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. ते माथ्यावर अडवायचे, आठ महिने पुरवून वापरायचे आणि पश्चिमेच्या कड्यावरून नळांतून खाली सोडायचे, अशी ही कल्पना. जमशेटजी टाटांच्या डोक्यात ती घोळत होती. ते १९०४ मध्ये वारले. पुढे १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची नोंदणी झाली, १९११ मध्ये वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईकडे निघाली. त्यानंतर आंध्रा नदीवरील ठोकरवाडीच्या जलाशयातून १९२२ मध्ये भिवपुरी आणि मुळशीच्या जलाशयातून १९२७ मध्ये भिरा.

यातली खुबी समजून घेण्यासाठी थोडे गणित पुरे आहे. खोपोलीला पाणी सुमारे सतराशे फुटांवरून पडते. या उंचीवरून एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी खाली आले की एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. पठारावरच्या एखाद्या धरणात वीस-पंचवीस मीटरांची उंची मिळाली, तर तेवढ्याच विजेसाठी वीसपट पाणी लागेल. म्हणजे कर्जत-खालापूरच्या डोक्यावरचा कडा ही स्वतःच एक संपत्ती आहे. ती कोणी निर्माण केलेली नाही, कोणाच्या ताळेबंदात ती मांडलेली नाही आणि तिचे भाडे कोणी कोणाला दिलेले नाही. अर्थशास्त्रात ज्याला खंड म्हणतात, रिकार्डोने ज्याचा विचार केला, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण सह्याद्रीइतके दुसरीकडे क्वचित सापडेल.

गिरणीमालक आरंभी साशंक होते. बाष्पयंत्रे सोडून दूरच्या डोंगरातील तारेवर भिस्त ठेवावी, हे त्यांना सहज पटले नाही. पण खोपोलीपासून परळपर्यंतच्या तारा आल्या आणि चित्र पालटले. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. ट्रामला आणि घरोघरच्या दिव्यांना विजेचा पुरवठा करणारी कंपनी स्वतः वीज निर्माण करण्याऐवजी टाटांकडून घाऊक वीज घेऊ लागली. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून तुर्भ्याचे औष्णिक केंद्र १९५६ मध्ये सुरू होईपर्यंत शहराच्या सार्वजनिक पुरवठ्याची वीज जवळजवळ सारी पाण्याचीच होती. रेल्वेचे ठाकुर्लीचे कोळशावरचे वीजघर होते, काही गिरण्यांची स्वतःची यंत्रेही होती. ती वजा केली तरी मूळ विधान टिकते. आज ज्याला ध्येय म्हणून पुढे ठेवले जाते, ते मुंबईने शंभर वर्षांपूर्वी बहुतांशी गाठले होते.

हा झाला जमेचा भाग. भांडवलही बव्हंशी देशी होते. संस्थानिकांनी आणि हिंदी धनिकांनी ते उभे केले आणि स्वदेशीच्या अभिमानाने त्याचे कौतुक झाले. आता खर्चाची बाजू पाहू.

खर्चाची सर्वांत परिचित नोंद घाटमाथ्यावरच्या मुळशीची आहे. मुळशी पुणे जिल्ह्यात असली, तरी तिचे पाणी भिऱ्याला याच जिल्ह्यात पडते; म्हणून तिचा विषय येथे परका नाही. १९२१ च्या रामनवमीला तेथे सत्याग्रह सुरू झाला. पन्नासाहून अधिक गावांची भाताची उत्तम जमीन पाण्याखाली जाणार होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्या लढ्याचे नेते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी तेथेच मिळाली. १९२४ पर्यंत लढा मोडला, बापट दीर्घ मुदतीच्या तुरुंगवासात गेले, धरण झाले. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे हत्यार एका खाजगी कंपनीसाठी वापरले आणि त्याला ‘सार्वजनिक प्रयोजन’ असे नाव दिले. हा शब्दप्रयोग तेव्हापासून कायद्याच्या पुस्तकात जो घर करून बसला आहे, तो आजतागायत.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला आहे, त्यातील एक मुद्दा कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुळशी पेट्यातील पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्यातील सावकारांच्या नावावर होती. ती कसत होता मावळा. मोबदल्याचा दर वाढताच सावकारांचा विरोध मावळला. ज्याचे पोट जमिनीवर होते, त्याचे नाव सात-बाऱ्यावर नव्हते. म्हणून तडजोडीच्या वेळी त्याला विचारण्याचे कारणच उरले नाही. लढा शूरांनी लढविला आणि कागदाने हरविला.

आता घाटाखाली येऊ. येथे जमीन फारशी बुडाली नाही. येथला प्रश्न निराळा होता. कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरून विजेचे मनोरे गेले. ज्या डोंगरातून एका महानगराला उजेड मिळाला, त्याच डोंगराच्या उतरणीवर कातकरी माणूस कोळसा पाडीत होता, आणि त्या लाकडी कोळशाचीही गिऱ्हाईके शहरातच होती. वीज वरून गेली, कोळसा खालून गेला. वाडीत रात्री चिमणीच पेटत राहिली. आजही हिशेब तोच आहे. टाटा कंपनीचे घरोघर वीज वाटण्याचे क्षेत्र मुंबईत आहे. कर्जतच्या घराला वीज देते महावितरण, आणि तिच्यासाठी भिवपुरी हे केवळ एका रेल्वे स्थानकाचे नाव आहे.

या मनोऱ्यांना राजकीय इतिहासही आहे, आणि तो या पक्षाच्या परंपरेला अगदी जवळचा आहे. माथेरानचे भाई कोतवाल यांनी १९४२ च्या आंदोलनात ‘आझाद दस्ता’ उभा केला. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून काही महिने त्यांच्या दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे एकामागून एक पाडले आणि युद्धसामग्रीला जुंपलेले कारखाने थांबविले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने कमी सांगितले जाते ते असे, की भूमिगत होण्यापूर्वी कोतवालांनी याच भागात शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या आणि गावोगाव शाळा सुरू केल्या होत्या. धान्याचा साठा गावाच्या ताब्यात असावा, म्हणजे आषाढात कुणब्याला सावकाराच्या दारात उभे राहावे लागणार नाही, हा त्यांचा विचार. मनोरा पाडणे आणि धान्यकोठी बांधणे या दोन कृतींत विसंगती पाहणाऱ्याला कोतवाल समजलेच नाहीत. विजेशी त्यांचे वैर नव्हते. साठा कोणाच्या हाती, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर सुटेल अशी अपेक्षा होती, आणि ती निराधार नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४३ पासून वीजधोरणाची जी मांडणी करीत होते, तिच्या केंद्रस्थानी स्वस्त व मुबलक वीज आणि तिच्या मालकीचा प्रश्न होता. १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला, राज्य विद्युत मंडळे आली. १९५६ च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावाने विजेची निर्मिती आणि वाटप सरकारी क्षेत्राच्या यादीत घातले. मात्र आधीपासून चालू असलेल्या खाजगी कंपन्या तशाच राहिल्या. मुंबईच्या विजेची घडी मोडावी असे कोणाला वाटले नाही. पुढे २००३ चा कायदा आला, २००५ मध्ये राज्य मंडळाचे तुकडे झाले, आणि मालकीचा प्रश्न विचारणे हेच मागासलेपणाचे लक्षण ठरले.

आता आजचा हिशेब. खोपोली ७२, भिवपुरी ७५ आणि भिरा ३०० मिळून ४४७ मेगावॉट होतात. मुंबईची कमाल मागणी आता उन्हाळ्यात ४,००० मेगावॉटच्या पुढे जाते. म्हणजे जे पाणी एके काळी अख्ख्या शहराला पुरले, ते आज कमाल मागणीच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याला पुरते. आणि वर्षभराच्या एकूण युनिटांत मोजले तर वाटा याहूनही लहान. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटा धरणांतून पश्चिमेकडे वळविण्यासाठी वर्षाला सुमारे ४२ अब्ज घनफूट पाणी धरले आहे. वर दिलेल्या प्रमाणाने त्यातून सव्वाशे ते दीडशे कोटी युनिट निघतील. मुंबईची सरासरी मागणी २,५०० मेगावॉट धरली तर वर्षाची गरज होते सुमारे २,२०० कोटी युनिट. म्हणजे पंधरा-सोळा युनिटांतले एक. उजनीच्या लाभक्षेत्रातला शेतकरी दुष्काळाच्या वर्षी विचारतो, की भीमेचे हे पाणी समुद्राकडे का सोडता? त्याच्या प्रश्नाला ‘मुंबई अंधारात जाईल’ हे उत्तर पूर्वी देता येत होते. आता ते तितके खरे राहिलेले नाही.

मग उरलेली वीज येणार कोठून? उत्तर उघड आहे: सूर्यापासून, आणि काही वाऱ्यापासून. महाराष्ट्रात एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट देतो आणि त्याला साधारण चार एकर जागा लागते. वर धरलेली मुंबईची सगळी गरज उन्हातून भागवायची म्हटले तर तेरा-चौदा हजार मेगावॉट आणि पंचावन्न हजार एकरांच्या आसपास जागा लागेल. आकडा अशक्य नाही. छपरांवर काही भाग निघेल. पण ज्या शहरात माणसे एकावर एक वीस मजले राहतात, तेथे छप्पर पुरणार नाही. जागा लागेल ती धुळे, सोलापूर, बीड अशा जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याची, किंवा राजस्थान-गुजरातेतील गुराख्याच्या चराऊ रानाची.

पण सूर्य सायंकाळी मावळतो आणि मुंबईचे दिवे त्याच वेळी लागतात. साठवणीचा प्रश्न, जो १९११ मध्ये पावसासंबंधी होता, तोच आता उन्हासंबंधी उभा राहिला आहे. आणि म्हणूनच सर्वांची नजर पुन्हा याच कड्याकडे वळली आहे. दिवसा सौर वीज मुबलक आणि स्वस्त असताना खालचे पाणी पंपाने वर चढवायचे, आणि रात्री तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची, याला उदंचन योजना म्हणतात. भिऱ्याला १५० मेगावॉटची अशी सोय पूर्वीपासून आहे; अकोले-शहापूरच्या सीमेवर घाटघर येथे शासनाची २५० मेगावॉटची आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात जो करार झाला, त्यात शिरवता येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा समावेश आहे. गुंतवणूक सुमारे १३,००० कोटींची. कर्जत तालुक्याच्या डोंगरांसाठी दुसऱ्या एका खाजगी कंपनीचाही असाच प्रस्ताव आहे.

अशा योजनेला कोणी वीजनिर्मिती म्हणू लागला तर त्याला थांबविले पाहिजे. पाच युनिट खर्चून चार परत मिळतात. ही निर्मिती नव्हे, कोठार आहे. हजार मेगावॉटचे केंद्र सहा तास चालले तर साठ लाख युनिट देईल आणि त्यासाठी पंचाहत्तर लाख युनिट गिळेल. तरीही ते फायद्याचे ठरते, कारण दुपारचे युनिट स्वस्त आणि रात्रीचे महाग. आषाढातल्या धान्यासारखेच हे आहे: सुगीला भाव पडतो, पावसाळ्यात चढतो आणि ज्याच्याकडे कोठार आहे त्याला मधला फरक मिळतो. भाई कोतवालांना हे गणित कोणी शिकवावे लागले नसते.

येथे एक भूमिका स्पष्ट करणे जरूर आहे. ‘प्रकल्पच नको’ ही घोषणा सोपी आहे आणि सभेत टाळ्या मिळविते. पण कर्जतच्या डोंगरात साठा होणार नाही, तर रात्रीची वीज कोळशाची राहील; आणि तो कोळसा चंद्रपूरला, कोराडीला जळेल. तेथल्या माणसांच्या विहिरींत आणि फुप्फुसांत जी राख जाते, ती कोणत्या समाजवादाने समर्थनीय ठरेल? एका तालुक्याने आपला डोंगर वाचवायचा आणि दुसऱ्या जिल्ह्याने आपला श्वास द्यायचा, हे धोरण होऊ शकत नाही. विरोध विजेला नाही. वाद अटींचा आहे, आणि अटी आजवर नेहमी एकाच बाजूने लिहिल्या गेल्या आहेत.

पहिली अट पाण्याची. भिवपुरीच्या वीजघरातून बाहेर पडणारे पाणी फुकट वाहून जात नाही, हे मुंबईच्या वर्तमानपत्रांना ठाऊक नसले तरी कर्जतला ठाऊक आहे. त्यावर राजनाल्याची शेती उभी आहे. पावसाळी भातानंतर ज्या शेतांत एरवी गवतही वाळून गेले असते, तेथे दुबार भात होतो तो या अवजलावर. तेच पाणी पुढे उल्हास नदीत मिळते आणि बदलापूर, उल्हासनगर, कल्याणकडच्या लोकवस्तीची तहान भागविते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला बारमाही ठेवते. रसायनीचे कारखाने त्याच आधाराने आले. शंभर वर्षांत ही जी दुसरी अर्थव्यवस्था वीजघरांच्या पायथ्याशी वाढली, ती कोणी योजिली नव्हती. कंपनीच्या दृष्टीने ते वापरून झालेले पाणी. शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच पहिले पाणी. आता तत्त्वतः पाहा: उदंचनात पाणी पुन्हा वर न्यायचे असल्यामुळे ते खाली साठवून, धरून ठेवावे लागते. एकूण पाणी कमी न होताही ते सोडण्याची वेळ आणि प्रमाण बदलू शकते. रोपांना पाणी पाहिजे मंगळवारी आणि मुंबईच्या वीजबाजाराच्या सोयीने ते सुटले शुक्रवारी, तर वार्षिक सरासरी शेतकऱ्याच्या काय कामाची? तेव्हा राजनाल्याच्या पाळ्यांची हमी करारात, तारखा व प्रमाण यांसह, लिहिलेली असली पाहिजे. तोंडी आश्वासनावर दुबार पीक निघत नाही.

दुसरी अट डोंगराची, म्हणजे डोंगरात राहणाऱ्यांची. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. कारण अतिवृष्टीचे होते. कोणत्याही वीजप्रकल्पाचा तेथे संबंध नव्हता, आणि तसा तो जोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण वाडीपर्यंत रस्ता नव्हता. बचावाचे लोक रात्री पावसात चालत वर गेले. आणि त्यानंतर महिना उलटण्यापूर्वी याच सह्याद्रीच्या दुसऱ्या अंगाला तेरा हजार कोटी रुपये ओतण्याच्या करारावर सह्या झाल्या. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. संबंध आहे तो अग्रक्रमाचा. ज्या डोंगरात बोगदे खणण्यासाठी यंत्रसामग्री वर जाऊ शकते, त्या डोंगरातील वाडीला रस्ता का जाऊ शकत नाही, हे अभियांत्रिकीचे कोडे नव्हे.

कायद्याचीही येथे एक मेख आहे. रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने आदिवासी ग्रामसभेला मिळालेले अधिकार कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकऱ्यांना नाहीत. शेजारच्या शहापूरच्या आदिवासीला आहेत, येथल्याला नाहीत. उरतो तो २००६ चा वनहक्क कायदा. तो सर्वत्र लागू आहे. त्याखाली वैयक्तिक दावा करता येतो, सामूहिकही करता येतो. दावा दाखल असेल, मंजूर असेल, तर वनजमीन वळविताना ग्रामसभेला विचारावे लागते. दावाच नसेल तर मुळशीच्या मावळ्याची गत व्हायची: राबता आहे, कागद नाही.

मालकीची अट सर्वांत अवघड, आणि तिच्याविषयी बाहेरच्या जगाकडे पाहणे उपयोगी ठरेल. उरुग्वे हा दक्षिण अमेरिकेतील लहानसा देश. त्याने २००८ नंतरच्या सुमारे दहा वर्षांत आपली वीज नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, वारा आणि जैविक इंधनावर आणली. तेथे पवनचक्क्यांत खाजगी भांडवल आले. पण तारा, वाटप आणि दीर्घ मुदतीची खरेदी सरकारी महामंडळाच्या हातात राहिली. डेन्मार्कमधील साम्सो बेटावर शेतकऱ्यांनी आणि रहिवाशांनी स्वतः पवनचक्क्यांचे भाग घेतले. समोरच्या टेकडीवर फिरणारे पाते आपलेही आहे म्हटल्यावर त्याचा आवाज कानाला कमी लागतो, असा मनुष्यस्वभाव आहे. बेट आणि देश दोन्ही लहान, ही अडचण खरी. मुंबईची भूक तेथे नव्हती. तरी सार निघते ते असे, की पूर्ण नवीकरणीय विजेकडे जाणारा रस्ता खाजगी मक्तेदारीच्या दारातूनच जातो, हा समज खोटा आहे.

महाराष्ट्रातही एक पाऊल पडले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या २०२३ च्या आवृत्तीत शेतकऱ्याची जमीन विकत न घेता भाड्याने घेण्याची तरतूद आहे: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल काही वाढ. जमीन नावावर राहते, भाडे येत राहते. भूमिहीन शेतमजुराला त्यात काही नाही, हा तिचा दोष मोठा आहे. पण एक तत्त्व सरकारने स्वतःच्या लेखणीने मान्य केले: वीज ज्या जागेवर उभी राहते, त्या जागेचे भाडे कायम चालू राहिले पाहिजे. सपाट जमिनीला हे लागू असेल तर कड्याला का नाही? सतराशे फुटांच्या उंचीचे भाडे कर्जत-खालापूरच्या ग्रामपंचायतींना दर युनिटामागे का मिळू नये? रात्री विकल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटावर काही पैसे, जोवर केंद्र चालेल तोवर. देणगी म्हणून नव्हे. शाळेला बाके आणि वाडीला सौर कंदील वाटून छायाचित्रे काढण्याच्या सामाजिक दायित्वातून तर नव्हेच. आणि त्याच तारेतून वाडीला बारमाही वीज.

ही मागणी मंत्रालयात एका निवेदनाने मान्य होईल असे समजण्याइतके कार्यकर्ते भोळे नाहीत. तिला पुरावा लागेल, आणि पुरावा गोळा करण्याची वेळ आजची आहे. राजनाल्याच्या काठच्या प्रत्येक गावात या रब्बीला एक वही घालावी: पाणी कोणत्या दिवशी आले, किती तास राहिले, शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले की नाही, दुबार भात किती एकरांवर लागला. लिहिणारा शाळेतला मुलगा चालेल. सही मात्र ग्रामसभेची हवी. प्रकल्प चालू झाल्यावर पाणी पूर्वी कसे येत होते हे सिद्ध करता येणार नाही. कंपनीची मापे कंपनीकडे असतील आणि शेतकऱ्याकडे केवळ आठवण. ज्या वाड्यांचे वनहक्काचे दावे अपुऱ्या कागदांअभावी उपविभागीय समितीकडे पडून आहेत किंवा फेटाळले गेले आहेत, त्यांची यादी कर्जतला आणि खालापूरला स्वतंत्र करावी आणि अपिलांच्या मुदती तपासाव्यात. भिवपुरीच्या आसपासच्या वाड्या आधी घ्याव्यात, कारण यंत्रे प्रथम तेथे येतील.